तज्ज्ञ आणि कारभारी : प्रवरेच्या काठावरचा एक धडा

१/ तज्ज्ञाचा अहवाल कारभाऱ्याच्या टेबलावर धूळ खातो आणि कारभाऱ्याची खरी अडचण तज्ज्ञाच्या कानी जातच नाही. आजच्या प्रत्येक कंपनीत ऐकू येणारी ही तक्रार जुनीच आहे. तिचे एक उत्तर पाऊणशे वर्षांपूर्वी अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडले होते. आजचा धागा त्याविषयी.

२/ पार्श्वभूमी अशी. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांचे पाणी दुष्काळी मुलखात खेळू लागले. ऊस आला. परंतु साखरेचा कारखाना खासगी कंपनीचा. शेतकऱ्याच्या हाती उरले गुऱ्हाळ आणि गुळाचे बेभरवशाचे भाव. १९३०च्या मंदीत पुष्कळ बागायतदार कर्जात रुतले.

३/ लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे औपचारिक शिक्षण जेमतेम प्राथमिक. मात्र १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी उभी केली होती. कोणाच्या शब्दाला गावात किती वजन आहे, कोणाचे देणे किती, हे त्यांना तोंडपाठ होते.

४/ दुसरीकडे धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे १९३०पासूनचे संचालक. त्यांच्या संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. या मुलखाचे आकडे त्यांच्याजवळ होते.

५/ १९४५ साली बेलापूर येथे भरलेल्या बागायतदार परिषदेचे अध्यक्ष गाडगीळच होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. असे विचार परिषदांत नेहमीच मांडले जातात आणि हारतुऱ्यांबरोबर सुकूनही जातात. हा सुकला नाही. का?

६/ माझ्या मते कारण हे : गाडगीळ सल्ला देऊन पुण्याला परतले नाहीत. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष. अंदाज चुकला असता तर तो कागदावर चुकला नसता. ज्यांनी भागभांडवल दिले त्यांच्यासमोर बसून त्याचा जाब द्यावा लागला असता. जबाबदारी अंगावर आली की तज्ज्ञाची भाषा आपोआप सोपी होते.

७/ आणि विठ्ठलरावांनी अर्थशास्त्रज्ञाचे नाव केवळ शोभेसाठी वापरले नाही. गावोगाव हिंडून भाग गोळा करताना माणसे काय विचारणार, हे उघड होते : पैसे बुडाले तर? जमीन जाईल का? ऊस घातल्यावर दाम कधी? भांडवल, गाळपक्षमता, उसाचे क्षेत्र हे तज्ज्ञाचे हिशेब या प्रश्नांना उत्तर देऊ शकले, तरच कारखाना उभा राहणार होता. १९५०-५१च्या हंगामात तो गाळपाला लागला.

८/ कोणी म्हणेल, ही दोन थोर माणसांची योगायोगाने पडलेली गाठ. मला ते पटत नाही. रचनाही तशीच होती. ऊस पिकवणारा सभासद तोच मालक, आणि वार्षिक सभेत ताळेबंद त्याच्यापुढे ठेवणे बंधनकारक. ज्या सभेत हिशेब समजावून सांगावाच लागतो, तेथे दुर्बोधतेला फारसा आडोसा मिळत नाही.

९/ आता दुसरी बाजू. पुढे सहकार वाढला, कारखाने वाढले. पण अध्यक्षाच्या खुर्चीवर अर्थशास्त्रज्ञ बसणे विरळ झाले. १९९९ साली माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालण्याचा सल्ला दिला. ऊस मात्र वाढतच राहिला. आयोगाचे आकडे खोटे नव्हते. ते ज्याच्या विहिरीचे होते, त्याच्याशी बोलत नव्हते.

१०/ याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. पोपटराव पवारांच्या गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कोणते पीक, हे गाव ठरवते. ऊस तेथे घेत नाहीत. भूजलशास्त्र तेच, फक्त ते घरच्या जमाखर्चाच्या भाषेत आले आणि निर्णय ऐकणाऱ्यांच्या हाती राहिला.

११/ म्हणून तज्ज्ञांना ‘सोपे बोला’ आणि नेत्यांना ‘थोडे शिका’ एवढे सांगून भागणार नाही. दोघांना एकाच नफ्यातोट्यात बसवावे लागेल. तज्ज्ञाने अहवालानंतरही थांबावे. कारभाऱ्याने निर्णय घेण्याआधी प्रश्न घेऊन त्याच्याकडे जावे.

१२/ मित्रहो, लोणीला गेलात तर कारखान्याची धुराडी जरूर पाहा. पण त्यामागे एका टेबलाशी बसलेली दोन माणसेही आठवा. एकाला गाव कळत होते, दुसऱ्याला आकडे. आज आपल्या जिल्ह्यात पाण्याचा प्रश्न पुन्हा दाराशी उभा आहे, आणि ते टेबल बहुतेक ठिकाणी रिकामे आहे.

(धागा समाप्त)