द्राक्षाची आणि मोहाची

लग्नाचा वाढदिवस आला, कीं दांपत्यानें समुद्रकिनारीं जावें आणि सांजवेळीं लहानशा पेल्यांतून वाइनची 'चव घ्यावी', ही सुशिक्षितांची नवी रूढि. पेला हालवावा, हुंगावा, घोट जिभेवर घोळवावा. यास रसिकता म्हणतात. म्हणोत बापडे! पण आटगांव ओलांडून नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे याच हौसेनें जाणाऱ्यांस भोंवतालच्या रानांतील मोह कधीं दिसतो काय? शहापूर-मुरबाडचे ठाकूर, वारली, कातकरी त्याचीं फुलें उन्हाळ्यांत भल्या पहाटे वेंचतात. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये या फुलांच्या सांठ्यावरहि निर्बंध आले. ते सैल व्हावयास २०२१ साल उजाडलें. द्राक्षाच्या वाइनला मात्र २००१ मध्येंच सरकारी धोरणाचा आश्रय लाभला. मोहाची दारू संसार बुडविते, असें कोणी म्हणेल. बुडविते खरी, आणि मी तिची वकिली करीत नाहीं. पण मग बाटलींतलें द्राक्ष संसार तारतें काय? एकाच्या मद्याला संस्कृति आणि दुसऱ्याच्याला गुन्हा म्हणणारा हा न्याय कोणता? हेच रसिक गोव्यांत काजूची फेणी आदरानें मागवितात. तिला २००९ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे ना! ती पूर्वीं कष्टकऱ्यांचीच होती, हें त्यांस कोणीं सांगावें?