वर्गणी दिली म्हणून जाब सुटत नाही

जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यासारख्या गावात शाळेचं कुंपण, स्मशानभूमीची शेड किंवा बंधाऱ्यातला गाळ यासाठी वर्गणी काढायची म्हटली की पारावर एक प्रश्न हमखास येतो : ‘‘घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, डिझेलच्या लिटरमागं सरकारला देतोच की. मग पुन्हा खिशात हात कशापायी?’’ हे विचारणारा माणूस कंजूस असतो असं नाही. पुष्कळदा गावातले शासन निर्णय वाचणारा तोच एकटा असतो. म्हणून त्याला हसून गप्प करणं अन्यायाचं आहे. त्याचं म्हणणं पुरतं मांडून मगच ते खोडलं पाहिजे.

त्याचं म्हणणं असं : गावानं स्वतःच्या पैशातून एक खोली बांधली की वरून ऐकवलं जातं, तुमचं गाव सक्षम आहे, निधी दुसरीकडं देऊ. ज्या गावात पैसा नाही ते तसंच मागं राहतं. पावतीपुस्तक बागायतदाराच्या वाड्यावर जातं तसंच सालगड्याच्या दारातही जातं, आणि चारचौघांत त्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय लोकांनी केलेल्या कामाचंच बिल पुढं एखाद्या योजनेतून निघतं. खेड्यात राहणारा कोणीही यातलं काही खोटं म्हणणार नाही. पण एवढ्यावरून वर्गणीच नको असा जो निष्कर्ष निघतो, तो मला साफ चुकीचा वाटतो.

पहिला आक्षेप घेऊ. स्वतः पैसे देणारं गाव सरकारला मोकळं सोडतं का? मराठवाड्याचा इतिहास याच्या नेमका उलटा आहे. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं आणि खासगी शाळांवर सरकारची करडी नजर होती. त्या काळात, १९२१ साली, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, ती लोकांच्या बळावर. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक झाले आणि पुढं त्यांनी अंबाजोगाईत शिक्षणाचं काम केलं. हेच स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संस्थान भारतात आलं. शाळेसाठी दारोदार हिंडताना माणसं एकमेकांना ओळखू लागली होती, सभेत उभं राहून बोलायला शिकली होती. सत्तेला प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ही तयारी कामी आली, असं मी मानतो. पदरमोड करून शाळा चालवणारी माणसं राजवटीपुढं मिंधी झाली नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून कामं झाली. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचं मार्गदर्शन त्यामागं होतं. पैसा बाहेरचा होता, पण त्याला अटी होत्या : गावानं श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. गावानं त्या पाळल्या. समतल चर खोदले, बांध घातले, पुढं शेततळी आली, द्राक्षबागा आल्या, आणि २०१२ च्या दुष्काळात आजूबाजूचं शिवार होरपळत असताना तिथल्या बागा तगल्या. इथं गावाच्या घामानं सरकारचा किंवा संस्थेचा पैसा वाचला नाही. तो पैसा कारणी लागला.

आता उलट बाजू पाहा. जलजीवन मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत गावांतर्गत कामाच्या भांडवली खर्चात ५ ते १० टक्के लोकवाटा ठेवला आहे, तोही रोख, वस्तू किंवा श्रमाच्या रूपानं चालतो. पाण्याच्या योजनांत हा लोकवाटा ठेकेदारानंच परस्पर भरल्याच्या तक्रारी आपण किती वर्षं ऐकतो आहोत! गावाला वाटतं, बरं झालं, खिशाला चाट बसली नाही. मग पाइप दोन फूट खोल गेला की वीतभर, हे बघायला कोण जातं? ठेकेदारानं भरलेल्या वाट्यावर ठेकेदाराचाच हक्क चालतो. टाकी गळायला लागली की गावाकडं विचारायला तोंड राहत नाही. म्हणजे वर्गणी न दिल्यानं जाब विचारायची ताकद वाढत नाही, हे तर उघडच दिसतं.

वर न आलेला आणखी एक आक्षेप मला जास्त बोचतो : ‘‘लोक सप्ताहाला देतात, शाळेला देत नाहीत.’’ लोकांच्या श्रद्धेवर हे ढकलून देणं सोपं आहे. पण सप्ताहात पैसा कसा जमतो आणि कसा सांगितला जातो, ते जवळून पाहा. सात दिवसांच्या पंगती आधीच वाटून दिलेल्या असतात. कोणी गव्हाचं पोतं देतो, कोणी तेलाचा डबा, कोणी नुसता ट्रॅक्टर. ज्याच्याकडं काहीच नाही तो पंगतीत वाढायला उभा राहतो, आणि त्याचंही देणं मोजलं जातं. काल्याच्या कीर्तनानंतर मंडपातल्या माइकवर एकेक नाव वाचलं जातं, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती आणि ती कोणाकडं ठेवली, सगळं. आकडा चुकला तर मागून कोणीतरी ओरडून दुरुस्त करतो. लोक देवाला देतात हे खरंच, पण हिशोब समोर दिसतो म्हणूनही देतात. शाळेच्या वर्गणीचा असा हिशोब किती ठिकाणी वाचला गेला?

जबरदस्तीच्या आक्षेपावर उत्तर याच रीतीत आहे. उंबऱ्यामागं सारखी रक्कम लावायची नाही. ज्याचं हातावर पोट आहे त्याच्या दारात पावतीपुस्तक न्यायचंच नाही. तो आपणहून एक दिवस खोऱ्या घेऊन आला तर त्याचं नाव यादीत इतरांच्या बरोबरीनं लिहायचं. पुण्या-संभाजीनगरला नोकरीला गेलेली पोरं फोनवरून पैसे पाठवतात, त्यांची नावंही त्याच यादीत, वेगळ्या मोठ्या फलकावर नको.

दुबार बिलाचा धोका मात्र कागदानंच अडतो. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेचा ठराव, त्यात लांबी, रुंदी, अंदाजे खर्च आणि ‘हे काम लोकवर्गणीतून’ ही नोंद. काम झाल्यावर भिंतीवर तेच आकडे रंगवायचे. भिंतीवर लिहिलेलं काम पुन्हा मोजमाप पुस्तिकेत चढवायला हिंमत लागते. आणि त्याच सभेत दुसरा ठराव : पंधराव्या वित्त आयोगातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता, तो कुठं गेला, उरलेल्या ४० टक्क्यांतून शाळेला काय मिळालं? वर्गणीचा ठराव आणि हा प्रश्न एकाच इतिवृत्तात आले, तर ‘तुमचं गाव सक्षम आहे’ असं सांगून कोणाला हात झटकता येणार नाहीत.

वर्तमानपत्रांकडूनही माझं एक मागणं आहे. गावाच्या चांगल्या कामाची बातमी फीत कापतानाच्या फोटोवर संपते, म्हणून वाचणाऱ्याला ती खुशामत वाटते. किती जमले, किती लागले, कोणत्या भावानं वीट घेतली, हे छापा. शेजारच्या गावाला उपयोग त्याचा होतो. फीत कोणी कापली, ते राजूरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यांतल्या एका सभेत, सप्ताहाच्या मंडपातला तोच माइक आणून, वर्गणीची जमा, खर्च आणि शिल्लक नावानिशी वाचून दाखवा. पारावर प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसालाच हिशोब तपासायला बसवा. त्याची पंचायतीकडची पहिली मागणी काय असेल, ती त्याच रात्री लिहून घ्या आणि सकाळी पंचायत समितीच्या आवक नोंदवहीत शिक्का मारून आणा.