दहावी झाली, कायदा संपला?

दिव्यांग मूल दहावी पास झाले की सत्कार होतो, फोटो छापून येतो आणि शिक्षण खाते हात झटकून मोकळे होते. तेच मूल अकरावीच्या वर्गात शिरते तेव्हा त्याला ओळखणारे कोणी नसते. ते कशाने बिथरते, फळ्यावरचे का वाचू शकत नाही, पेपराला लेखनिक का लागतो, हे विशेष शिक्षकाने वर्षानुवर्षे खपून जाणलेले असते. ते सारे शाळेच्या कपाटात कुलूपबंद! कॉलेजच्या हाती पडतो तो फक्त टक्केवारीचा दाखला. मग आईने खिडकीशी उभे राहून सारी कर्मकहाणी नव्याने सांगायची आणि कारकुनाने मान वर न करता म्हणायचे, ‘ओरिजिनल सर्टिफिकेट आणा.’

कायदा नाही म्हणून हे घडते काय? मुळीच नाही! दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्याचे कलम १६ प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर आणि शिक्षण पूर्ण होण्यावर लक्ष ठेवायला सांगते. कलम ३१ वयाच्या १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. कलम ३२ सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखते. पण शाळेच्या दारापासून त्या राखीव जागेपर्यंत मुलाचे बोट कोणी धरायचे?

विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, सर्वसाधारण शाळा आणि अकरावी-बारावी शालेय शिक्षणाकडे, पदवी उच्च व तंत्रशिक्षणाकडे, आयटीआय कौशल्य विभागाकडे. मूल एक, मालक चार आणि वाली एकही नाही! २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढून राज्य सरकारने पाठ थोपटून घेतली. या चौघांना एका टेबलाशी बसवणे मात्र त्याला जमलेले नाही.

त्यात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. स्वमग्न मुलाला नवी इमारत, नवा जिना, नवे चेहरे आधीपासून दाखवावे लागतात. इथे यादी लागेपर्यंत कॉलेजचे नाव कळत नाही, आणि लागली की मोजक्या दिवसांत प्रवेश घ्या, नाहीतर जागा गेली!

‘निधी नाही’ हे रडगाणे ऐकवू नका. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकासमोर बसून तासभर बोलायला कोणता निधी लागतो? सवलतींची नोंद दाखल्यासोबत पाठवायला कोणती निविदा काढावी लागते? इथे तुटवडा पैशाचा नाही, लाजेचा आहे.

नववीतच विद्यार्थी व पालकांसह पुढच्या वाटेचा लेखी आराखडा करा. दहावीला मिळालेली सवलत बारावीपर्यंत विनाअर्ज चालू ठेवा. या मुलांचे प्रवेश सर्वांआधी उरका. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात एका शिक्षकावर नावानिशी जबाबदारी टाका. मूल मध्येच गळाले तर प्राचार्यांकडून आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा घ्या. याच अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तो वसूल करून दाखवा! हे करणार नसाल, तर दहावीच्या निकालादिवशी या मुलांच्या गळ्यात हार घालण्याचा तुम्हाला अधिकार नाही.