किडनी देण्याआधी बहिणीचीही तपासणी

घरात कुणाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या की सगळ्यांची नजर आई, बहीण, भावाकडे वळते. साहजिकच आहे. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक असते. पण जे रक्त जुळते, त्याच रक्तातून आजारही येतो, हे आम्हाला आज सांगायचे आहे.

किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार (पॉलिसिस्टिक किडनी) आई-वडिलांपैकी एकाला असला, तरी प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. भाऊ डायलिसिसवर असतो आणि विशीतली बहीण ठणठणीत दिसते; पण त्या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. अशा वेळी आधी रुग्णाच्या रक्तात जनुकाचा दोष शोधतात, मग तोच दोष बहिणीत आहे का ते पाहतात. अल्पोर्ट नावाच्या आजारात मुलाची किडनी जाते, ऐकूही कमी येते. आईच्या लघवीत मात्र नुसते रक्ताचे अंश सापडतात. तिने किडनी दिली तर पुढे तिलाच डायलिसिसची पाळी येऊ शकते. पती-पत्नीत सहसा हा प्रश्न नसतो. पण आपल्याकडे चुलत-मामे नात्यात लग्ने होतात, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगावे.

पारगाव आंबेगाव तालुक्यात आहे, तसे जुन्नरमध्येही आहे. दोन्हीकडच्या लोकांना प्रत्यारोपणासाठी पुणे गाठावे लागते. तिथे जाण्याआधी घरी बसून एक कागद करा: आजोबा, फुफी, मामू, खाला यांत कुणाला किडनीचा आजार, लहान वयात बहिरेपण किंवा डायलिसिस होते का, कोणत्या वयात. डॉक्टरांना हा कागद फार उपयोगी पडतो.

१९८८ साली जेद्दाहच्या फिकह अकादमीने जिवंतपणी अवयव देण्यास परवानगी दिली, ती देणाऱ्याच्या जिवाला व नेहमीच्या जगण्याला अपाय होऊ नये या अटीवर. ती अट पाळली जाते की नाही, हे तपासणीशिवाय कसे कळणार? २०१४ चे सरकारी नियमही सांगतात की देणारी स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी आणि तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी. किडनी देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त, म्हणून हे महत्त्वाचे.

तपासणीची मागणी करणारी बहीण भावावर कमी प्रेम करते, असे कुणी म्हणू नये. एका घरात दोन रुग्ण होऊ नयेत, एवढीच तिची मागणी असते.