परतीची गाडी

18 फेब्रुवारी 2006 रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर देशभर माहीत झाले. भारतातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू पहिल्यांदा सापडला तो तिथे. पण मरतूक त्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली होती. कोंबड्यांचा नेहमीचा मानमोडी रोगच असणार, अशी समजूत काढण्यात दिवस गेले. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत; धंद्याला तिथे सीमा नाहीच. लागण पलीकडच्या उच्छलमध्येही निघाली, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात, तीही परसातल्या कोंबड्यांत.

अशा वेळी स्थलांतरित पक्ष्यांवर खापर फोडणे सोयीचे असते. त्यांचा वाटा आहेच. पण रानबदक या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत नाही, गाडी फिरते.

मुकुंदवाडीसारख्या वस्तीतल्या एखाद्या चिकन सेंटरसमोर गाडी लागते तेव्हा जरा थांबून पाहावे. भरलेले क्रेट उतरतात, वजन होते, रिकामे वर चढतात. जाळीच्या कोपऱ्यात विष्ठा वाळून बसलेली, त्यात पिसे. हीच गाडी दुसऱ्या शेडवर लिफ्टिंगला, म्हणजे पक्षी उचलायला गेली आणि पकडणारी पोरे त्याच चपलांनी आत शिरली, की जंतू मरावेत म्हणून दारात टाकलेल्या चुन्याला काय अर्थ उरला? 4 अंश तापमानात हा विषाणू विष्ठेत महिनाभराहून अधिक तग धरतो, 37 अंशांतही सहाएक दिवस. लेअरवाल्यांकडे हेच काम अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे करतात. ते धुता येत नाहीत, तरी परत येतात.

आठवडी बाजारात न खपलेली गावरान कोंबडी तर सरळ घरच्या खुराड्यात परतते.

पक्षी आजारी दिसायलाच हवा असे नाही. ऑक्टोबर 2004 मध्ये ब्रुसेल्स विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या हातातल्या बॅगेत, वेताच्या नळकांड्यांत कोंबलेले दोन गरुड सापडले. वरून ठणठणीत, तपासणीत दोन्ही एच5एन1 बाधित. मेलेल्या पक्ष्याचे मांसही यातून सुटत नाही. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले, तेव्हा पहिला संशय खाद्यातल्या कोंबडीवर गेला.

हाँगकाँगने याची किंमत आधीच मोजली होती. 1997 मध्ये तिथे 18 माणसांना लागण झाली, 6 मेली आणि शहरातल्या साऱ्या कोंबड्या मारल्या गेल्या. पुढे 2001 पासून तिथल्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारात महिन्यातून एक दिवस खाडा सुरू झाला: उरलेला सगळा माल कापायचा, गाळे धुऊन काढायचे, मगच नवा माल. पक्ष्यांतल्या एच9एन2 या भावंड विषाणूचे प्रमाण त्याने उतरल्याचे दिसले. आपल्याकडे एका पेठेतल्या दुकानदारांनी मिळून असा खाडा ठरवायला सरकारी आदेशाची वाट कशाला पाहावी?

राहिला प्रश्न घाईच्या विक्रीचा. मर वाढली की उरलेला माल मिळेल त्या भावाला काढून टाकायचा, ही आपल्या धंद्यातली जुनी खोड. सर्वांत जास्त लागण पसरवणारी गाडी बहुधा असा माल नेणारीच. प्राण्यांतल्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याने रोगाचा संशय कळवणे मालकावर बंधनकारक आहे. शिवाय साधा हिशेबही आहे: सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, त्याआधी मेलेल्यांची नाही. फोन जितका उशिरा, तितके भरपाईत धरले जाणारे पक्षी कमी.