वंशावळ सापडली, माणूस कोठे आहे?

मराठवाड्यात सध्या पूर्वजांचा शोध मोठ्या हिरिरीने चालू आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती 2023 साली नेमली गेली, आणि नांदेड-लातूरकडील कचेऱ्यांतल्या जुन्या दप्तरांवरची धूळ झाडली गेली. मोडी वाचणारास एकाएकी मान प्राप्त झाला. पणजोबांचे नाव ज्यांस ठाऊक नव्हते, ते खापरपणजोबांची नोंद मागू लागले. या खटाटोपाच्या हेतूविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. हक्क मागणाऱ्याने पुरावा शोधावा, हे रास्तच होय. परंतु दाखला हाती पडताच पूर्वजास पुन्हा दप्तरात बांधून ठेवावयाचे, ही सुशिक्षित घरांची रीत आम्हांस अत्यंत कोती वाटते.

बहुतेक घरांत एखादा तरी माणूस असा होऊन गेलेला असतो, की ज्याचे आयुष्य कधी सरळ चालले नाही. एखादे काका कोणत्याही नोकरीत टिकले नाहीत. एखादे आजोबा वर्षानुवर्षे कोणाशी धड बोलले नाहीत. त्यांस विक्षिप्त म्हटले की घरचे मोकळे! फार झाले तर पत्रिका दाखवावयाची. तीत पितृदोष निघतो, आणि मंडळी त्र्यंबकेश्वरी जाऊन तीन दिवसांचा नारायण-नागबळी करून येतात. ज्या पितरांच्या शांतीसाठी एवढा खर्च केला ते कोण होते, त्यांच्यावर काय गुजरले, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. आणि त्याच क्षेत्री तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे-गावे लिहिलेली आहेत!

घरचेच उदाहरण देतो. आमच्या एक आत्या जन्मभर भ्रमिष्ट म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या उशाशी कपड्यांचे एक गाठोडे सदैव बांधलेले असे, आणि ते कोणी सोडू लागले की त्या आकांत करीत. पुढे जमिनीच्या कामासाठी जुने कागद काढले, तेव्हा आत्यांच्या थोरल्या भावाचे नाव शाळेच्या पटावरून 1357 फसलीत कमी झाल्याचे उर्दू नोंदीवरून कळले. निजामी फसली सनात 590 मिळविले की इसवी सन निघतो. म्हणजे हे वर्ष 1947-48चे. मग गावातील एका वृद्धेने सांगितले की, रझाकारांच्या भयाने हे कुटुंब एका रात्री पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात उमरखेडकडे गेले, आणि आत्यांचा तान्हा भाऊ वाटेतच वारला. आत्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आता त्या गाठोड्यात भ्रमिष्टपणा तो कोणता?

हे एका घराचे किंवा एका धर्माचे दुःख नव्हे. 1948च्या 13 ते 17 सप्टेंबरच्या पोलिस कारवाईने निजामी राजवट संपली. पण त्यानंतर मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याविषयी सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे गणले, आणि लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. सरकारने जे दडविले, ते घरांनीही दडविले. पुढे 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या पहाटे ढिगाऱ्याखालून निघालेली मुले आज संसारी आहेत. त्यांच्या तिरसटपणाचे मूळही त्यांची मुले पत्रिकेतच शोधणार काय?

यावर, जुनी मढी उकरून काय मिळणार, असा प्रश्न हमखास येतो. आम्ही विचारतो, जमिनीच्या वाटणीसाठी 1954च्या खासरा पत्रकापर्यंत खोदताना हा विचार कोठे जातो? अब्रूचे म्हणावे, तर घरातले सत्य घरात जाणण्यास छापखाना लागत नाही. आजारी माणसास वैद्य हवाच. इतिहास हे औषध नव्हे, आणि प्रत्येक दुःखाचे कारण कागदात सापडेल असेही नव्हे. पण ज्यास आपण दोषी धरीत आलो, तो पोळलेला होता हे कळले म्हणजे आपली जीभ तरी आवरते. शिवाय त्या माणसाच्या मुलांच्या मनातील आपल्या रक्तातच खोट असल्याची धास्ती कमी होते. हा लाभ थोडा नव्हे.

1948 साली जी मुले आठ वर्षांची होती, ती आज 85च्या घरात आहेत. शाळेचा पट आणि कोतवाल बुक कचेरीत आणखी काही वर्षे टिकतील. ही माणसे तितकी थांबणार नाहीत. म्हणून वंशावळीच्या कागदावर नावांना रेघा जोडून स्वस्थ बसणाऱ्यांस आमचे सांगणे आहे की, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. ज्याचे नाव निघताच बैठकीत सारे गप्प होतात, त्याच्याविषयी प्रथम विचारा, आणि जे कळेल ते त्याच्या नावापुढे लिहून ठेवा.