आधी यादी, मग शोधयंत्र

विद्यापीठांच्या ग्रंथालय-समित्यांपुढे सांप्रत एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आली आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना एकदम खुली झाली. या अफाट साठ्यातून आणि कपाटांतल्या ग्रंथांतून हवे ते एकाच चौकटीत शब्द टाइप करून हाती यावे, यासाठी 'डिस्कव्हरी' नावाची शोधव्यवस्था विकत घ्यावी, की कोहा, व्हूफाइंड अशा मुक्त आज्ञावलींवर आपली आपण उभारावी, याचा खल होतो, दरपत्रके मागविली जातात आणि बहुधा विक्रेत्याच्या चमकदार प्रात्यक्षिकावर निकाल लागतो. जो विचार सर्वांआधी व्हावा, तो मात्र राहून जातो: आपल्या ग्रंथांच्या नोंदी शोधण्यालायक आहेत काय?

बडोदे संस्थानाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच हाताळला होता. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना ग्रंथालयखात्याच्या उभारणीसाठी पाचारण केले. परंतु बॉर्डन यांनी तिकडची पद्धत इथे जशीच्या तशी लादली नाही, तर ड्यूई आणि कटर या दोघांच्या वर्गीकरणांचा मेळ घालून येथील संग्रहासाठी निराळी योजना रचली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग काढला. म्हणून १९१३ साली ते स्वदेशी परतल्यावरही काम अडले नाही. पुढे १९३१ साली दरबारने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश काढला व राज्यकारभारातील शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले. मराठीत 'महसूल' शोधणाऱ्याला त्याच विषयाचे गुजराती व इंग्रजी ग्रंथही दाखवावयाचे, तर आजच्या शोधयंत्राला नेमक्या अशाच शब्दसारणीची गरज असते, आणि ती यंत्राबरोबर फुकट येत नाही.

अडचण कोठे येते ते पाहू. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वी छापलेल्या ग्रंथांत 'कांहीं' आणि 'मध्यें' हीच रूपे आहेत; आजचा विद्यार्थी 'काही' आणि 'मध्ये' टाइप करतो आणि अनुस्वारांकडे दुर्लक्ष करावयास कोणी न शिकविलेले यंत्र 'नोंद आढळली नाही' असे निर्विकारपणे सांगते. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे अगदी सारखी, यंत्राला मात्र परकी. नोंद रोमन लिपीत आणि तीही चिन्हांवाचून केलेली असली, तर काळे आणि काले हे दोन लेखक एकरूप होऊन बसतात. 'लोकहितवादी' आणि 'गोपाळ हरि देशमुख' ही एकाच ग्रंथकाराची नावे, हे तर एखाद्या माणसाने एकदा सांगितल्यावाचून कोणत्याही यंत्राला कळावयाचे नाही. कोहामध्ये देवनागरीचा शोध नीट चालावा म्हणून अनुक्रमणिकेची रचनाच मुद्दाम बदलावी लागते, आणि ही तजवीज बसवितानाच न केल्यास पुढे वर्षानुवर्षे वाचक यंत्राला व ग्रंथपाल वाचकाला दोष देत राहतात.

विकतच्या व्यवस्थांचा गुण नाकारण्याचे कारण नाही. इंग्रजी शास्त्रीय लेखांची कोट्यवधी नोंदींची मध्यवर्ती सूची कोणत्याही एका विद्यापीठाला स्वबळावर उभारता येणार नाही. परंतु त्या सूचीत मुख्यत्वे जे प्रकाशक आपली माहिती पुरवितात त्यांचेच लेख असतात. आमच्या बडोद्याजवळच्या छाणीच्या जैन ज्ञानभंडारांतील पोथ्या, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते किंवा श्रीसयाजी साहित्यमालेतील मराठी व गुजराती ग्रंथ तिथे कोणी आपण होऊन घालणार नाही. ज्या बडोदे नगरीत हंसाबेन मेहतांच्या नावाचे विद्यापीठीय ग्रंथालय आहे, तिथल्या संशोधकाला परदेशी मासिकातला लेख एका क्षणात मिळावा आणि स्वतःच्या गावची पोथी मुळीच सापडू नये, ही विपरीत स्थिती कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

म्हणून समित्यांच्या सभासदांना माझी विनंती आहे की करारनाम्यावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी मागून घ्याव्यात. आपल्याच कपाटातली पन्नास मराठी व गुजराती पुस्तके निवडून, जुन्या आणि नव्या दोन्ही लेखनांनी, ती आपल्या वाचकांकरवी शोधवावीत. शोधफलांचा क्रम कशावरून लागतो, याचा लेखी खुलासा घ्यावा. करार संपल्यावर सर्व नोंदी प्रमाण स्वरूपात परत मिळतील, असे कलम घालावे. आणि यंत्राच्या खर्चाबरोबरच नोंदी सुधारणाऱ्या एका जाणत्या माणसाच्या कायम वेतनाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करावी. या चौथ्या गोष्टीला पैसे नाहीत असे उत्तर आले, तर खुशाल समजावे की त्या संस्थेची यंत्र घेण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

— छाणीकर